जुन्या पिकअपचा एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? शॉर्ट असा शोधा

शॉर्ट (करंटची वायर थेट बॉडीला किंवा दुसऱ्या वायरीला टेकणं) आहे म्हणून जी जुनी पिकअप समोर येते, तिच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात:

- एकच फ्यूज वारंवार जातो. नवा बसवला की लगेच, नाहीतर चार दिवसांनी, पण तोच.
- फ्यूज फक्त खड्ड्यात, वळणावर, रिव्हर्स टाकताना किंवा पावसातच उडतो.
- रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी बॅटरी बसलेली.
- ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात, किंवा इंडिकेटर दिला की पार्किंग लाइटही सोबत लुकलुकतो.
- जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, एखादी वायर हाताला गरम लागते.

पहिल्या दोन तक्रारी बहुधा खऱ्या शॉर्टच्या. तिसरीत बहुतेक वेळा शॉर्ट नसतो, थोडा थोडा करंट कुठेतरी झिरपत असतो. त्याचं खाली वेगळं सांगतो. चौथी बहुधा खराब अर्थची (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जायच्या वाटेची) असते. आणि पाचवी असेल तर वाचत बसू नका, आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.

निगेटिव्हच आधी का, हेही सांगून टाकतो. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्हच्या नटावर पाना लावला आणि पान्याचं दुसरं टोक बॉनेटच्या कडेला टेकलं, की पाना तिथेच चिकटून लाल होऊ शकतो. म्हणून काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी, कडं, धातूचा घड्याळाचा पट्टा काढून ठेवा.

मोठा फ्यूज टाकायचा नाही

दहा अँपिअरचा उडतो म्हणून पंधराचा, मग वीसचा, शेवटी चांदीचा कागद. हे इतक्या गाड्यांत दिसतं की फ्यूजबॉक्स उघडल्यावर आधी मी तेच शोधतो. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. वायरीला जेवढा करंट झेपतो त्याच्या आत फ्यूजचा आकडा ठरवलेला असतो. तो वाढवला की वितळायची पाळी वायरीवर येते, आणि ती एकटी जळत नाही. हार्नेसमध्ये (एकत्र बांधलेल्या वायरींच्या गुच्छात) तिच्या अंगाला लागून असलेल्या दहा-पंधरा वायरींची कव्हरं घेऊन जाते. मग एका जागेचा शॉर्ट दहा जागी होतो.

म्हणून पहिली तपासणी फुकटची: फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात त्या जागी किती अँपिअरचा फ्यूज लिहिलाय ते बघा आणि बसवलेल्याशी ताडून पाहा. पात्याच्या फ्यूजमध्ये रंग ठरलेले आहेत: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरट पारदर्शक, ३० चा हिरवा. खूप जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे फ्यूज असतात; त्यांचा आकडा टोकाच्या टोपीवर कोरलेला असतो.

उडालेला फ्यूज फेकून देऊ नका, उजेडात धरून बघा. काच किंवा खिडकी काळी पडलीय, आत चांदीसारखा मुलामा चढलाय, मधली तार पार गायब आहे, तर करंट एकदम धावला, म्हणजे सरळ शॉर्ट. तार मधोमध हलकेच वितळून तुटलीय आणि काच स्वच्छ आहे, तर बोजा जास्त झाला असण्याची शक्यता अधिक. जाम झालेली वायपरची मोटर, घासत फिरणारा हीटरचा पंखा, किंवा त्याच फ्यूजवरून कुणीतरी घेतलेलं जादा कनेक्शन. काचेची नळी असेल तर तिच्या क्लिपाही बघा. क्लिप गंजून सैल झाली की तिथेच उष्णता होते आणि फ्यूज काहीही दोष नसताना वितळतो. क्लिप घासून, किंचित दाबून घट्ट केली की काम संपतं.

‘कुठे’च्या आधी ‘कधी’

बरेच जण थेट टेप सोलायला बसतात. त्याआधी एक कागद घ्या. सगळे स्विच बंद, किल्ली काढलेली, दारं लावलेली; आता योग्य आकड्याचा नवा फ्यूज बसवा.

बसवताक्षणी उडाला, तर दोष फ्यूज ते स्विच या तुकड्यात आहे, म्हणजे डॅशबोर्डच्या मागे किंवा आसपास. दिव्यांच्या वायरींकडे बघायचीच गरज नाही. किल्ली फिरवल्यावर उडाला, तर किल्लीनंतरचं सर्किट. पार्किंगचा स्विच ओढल्यावर उडाला, तर स्विचच्या पुढचं. ब्रेक दाबल्यावरच, तर पेडलच्या स्विचपासून मागच्या दिव्यापर्यंतची वायर. रिव्हर्स टाकल्यावरच, तर गिअरबॉक्सवरचा स्विच आणि त्याची वायर. ही वायर बऱ्याचदा सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते आणि क्लिप तुटली की त्याच्यावरच टेकते. काहीच केलं नाही आणि गाडी हलल्यावर उडाला, तर कुठेतरी वायर घासतेय.

यात दोन-तीन फ्यूज जातील, जाऊ द्या. गाडीची अर्धी वायरिंग या कागदावरच बाद होते. एका फ्यूजवर काय काय चालतं त्याचीही यादी लिहा, कारण जुन्या गाड्यांत एकाच फ्यूजवर पार्किंग लाइट, नंबरप्लेटचा दिवा, मीटरमागचे बल्ब आणि रेडिओचा उजेड असं सगळं असतं. मीटरच्या मागे अडकलेला बल्ब होल्डर आणि हौद्याच्या टोकाला असलेली नंबरप्लेट, दोन्हींचा फ्यूज तोच.

आधी नंतर बसवलेल्या वस्तू

गाडी कारखान्यातून आली तेव्हाची वायरिंग सहसा तेवढी वाईट नसते. वाईट असते ती नंतर कुणी कुणी केलेली. म्युझिक सिस्टिम, जादा हॉर्न, फॉगलाइट, अलार्म, ट्रेलरचं सॉकेट. कव्हर कापून, तांबं पिळून, वर काळी टेप. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, टेप उलगडते, आणि उघडा सांधा बॉडीला टेकतो. हे सगळं एकेक करून सोडवा, टोकं वेगवेगळी झाका, आणि फ्यूज टिकतो का बघा. ट्रेलरचं सॉकेट असेल तर ते सगळ्यात आधी: ते खाली लोंबतं, चिखल-पाणी खातं, आणि आतल्या पिना हिरव्या पडून एकमेकींना भिडतात.

लायटरच्या सॉकेटचा फ्यूज जात असेल तर आत टॉर्च मारून बघा. तळाला नाणं, चार्जरचं तुटलेलं टोक किंवा चुरगळलेला चकचकीत कागद सापडतो. फ्यूज काढूनच ती वस्तू बाहेर घ्या.

मग बल्ब. एकेक बाहेर काढा, होल्डरच्या आत बघा. मागच्या दिव्यात पाणी साचलंय का, स्प्रिंगची पितळी टिकली गंजून बाजूच्या पत्र्याला लागतेय का. दोन तारांचा २१/५ वॅटचा बल्ब जिथे हवा तिथे कुणी एका तारेचा ठोकून बसवलेला असतो. त्याची एकच टिकली होल्डरमधल्या दोन्ही संपर्कांना जोडते आणि ब्रेक-पार्किंग एकमेकांत मिसळतात.

फ्यूजच्या जागी बल्ब

इथपर्यंत सापडलं नाही तर फ्यूज जाळणं थांबवा. जुना पण चालू हेडलाइटचा बल्ब घ्या, त्यातल्या एका तारेच्या (फिलामेंटच्या) दोन टोकांना एकेक वायर जोडा, टोकांना फ्यूजच्या खाचेत बसतील अशा चपट्या पिना लावा आणि फ्यूजच्या जागी तो बसवा. मल्टिमीटरपेक्षाही कामाचं हत्यार हेच, आणि भंगारातून तयार होतं.

बल्ब आता सर्किटच्या मालिकेत आला. पुढे सरळ शॉर्ट असेल तर सगळा १२ व्होल्ट या बल्बवर पडतो आणि तो पूर्ण उजेडाने पेटतो; पण ५५ वॅटच्या बल्बमधून साडेचार अँपिअरच्या आसपासच करंट जातो, त्यामुळे वायर जळत नाही. शॉर्ट सुटला की बल्ब विझतो. म्हणजे तुम्ही गाडीखाली आडवे पडून वायर हलवताय आणि बल्बचा उजेड सांगतोय की हात बरोबर जागी लागला. बल्ब चांगलाच तापतो, सीटवर किंवा पायपुसण्यावर ठेवू नका, बॉनेटच्या पत्र्याला टांगा.

एक खबरदारी. सर्किटवरचे खरे दिवे लावलेले असतील तर त्यांचा करंटही याच बल्बमधून जाणार आणि तो मंद पेटून फसवणार. म्हणून त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढून ठेवा, मोटरींचे कपलर (वायरींचे सुटे होणारे जोड) सोडवा. आता बल्ब पेटलाय तो फक्त शॉर्टमुळेच.

मग अर्धं-अर्धं करत जा. पिकअपमध्ये केबिनमधून मागे जाणाऱ्या हार्नेसला बहुधा चेसिसवर, केबिनच्या मागच्या बाजूला एक कपलर असतो. तो सोडवा. बल्ब विझला तर दोष मागे. पेटलेलाच राहिला तर पुढे. मागे असेल तर मागच्या दिव्यांचे कपलर एकेक सोडवा. चार-पाच कपलरांत दोष एखाद-दीड मीटर वायरीपुरता उरतो. मग त्या तुकड्यावर हात फिरवा, वायर हलवा, ओढा, दाबा, कुणाला तरी हौदा हलवायला सांगा आणि बल्बवर नजर ठेवा.

मल्टिमीटरने ओहम मोजून शोधणारेही आहेत. मोजा, पण बॅटरी सोडवून आणि बल्ब काढून. बल्बची तार थंड असताना तिचा रोध गरम असतानाच्या दहाव्या हिश्श्याइतका भरतो. ५ वॅटचे चार बल्ब एकत्र मोजले तर मीटर एक ओहमच्याही खाली दाखवतो, आणि माणूस चांगल्या वायरिंगला शॉर्ट समजून सोलत सुटतो.

पिकअपमध्ये वायर कुठे घासते

कारमध्ये सगळी बॉडी एकसंध असते. जुन्या पिकअपमध्ये चेसिस वेगळी, तिच्यावर रबरांवर बसवलेली केबिन वेगळी आणि बोल्टांनी कसलेला हौदा वेगळा. गाडी चालताना हे तिन्ही भाग एकमेकांपेक्षा थोडे थोडे वेगळे हलतात. वायर या तिघांना ओलांडून जाते आणि जिथे ओलांडते तिथेच कापली जाते. म्हणून मी याच क्रमाने बघतो:

केबिन आणि हौद्यामधली फट. वरून टॉर्च मारली तर हार्नेस कुठे ताणलाय ते दिसतं.

चेसिसच्या कडेवर जिथे हार्नेस वळतो. पत्र्याची क्लिप गंजून तिची कड धारदार झालेली असते. इथे जवळून बघावं लागतं: काळ्या कव्हरवर एक चकचकीत घासलेला पट्टा, त्यात नखाएवढी चीर, चिरेत तांब्याच्या दोन-तीन काळपट तारा, आणि बरोबर समोर चेसिसच्या रंगावर टाचणीच्या डोक्याएवढा वितळलेला डाग. तो डाग दिसला की शोध संपला.

मागच्या सस्पेन्शनच्या पाट्यांच्या वर. गाडी रिकामी असताना हार्नेस पाट्यापासून हातभर लांब असतो. माल भरला की हौदा खाली बसतो आणि वायर चिमटते. ‘भरल्या गाडीतच फ्यूज जातो’ ही तक्रार असेल तर दुसरीकडे बघूच नका.

हौद्याचे बोल्ट. हौदा कधी काढून परत बसवला असेल तर एखादी वायर त्याच्याखाली दाबली गेलेली सापडते.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं भोक. तिथलं रबर वाळून पडलं की पत्र्याची कच्ची कड वायरीवर करवतीसारखी चालते.

स्टिअरिंगचा खांब, विशेषतः हॉर्न किंवा इंडिकेटरचा फ्यूज वळणावर जात असेल तर. दाराच्या बिजागरीजवळचा वायरींचा गुच्छ, खिडक्या विजेवर चालत असतील तर. आणि उंदीर. बॉनेटखाली लेंड्या किंवा चिंध्या दिसल्या तर एका जागी कुरतडलेलं सापडलं म्हणून थांबू नका, पूर्ण हार्नेस बघा.

टेप गुंडाळलेल्या लांबलचक हार्नेसमध्ये नेमकी जागा सापडत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. हेडलाइटच्या त्या बल्बला मालिकेत जुन्या पद्धतीचा, म्हणजे तापून उघडझाप करणारा, इंडिकेटरचा फ्लॅशर जोडा. करंट आता थांबून थांबून वाहील. साधं होकायंत्र हार्नेसला चिकटवून पुढे सरकवा. दर झटक्याला सुई हलेल. शॉर्टच्या पुढे गेलात की सुई हलायची थांबते. टेप न सोलता.

अर्थ बिघडलेली असेल तर

फ्यूज जात नाही, पण दिवे भुतासारखे वागतात, तर वायर सोलण्याआधी अर्थ बघा. बॅटरीपासून इंजिनला, इंजिनपासून चेसिसला, चेसिसपासून केबिनला अशा जाड पट्ट्या असतात. एखादी तुटली की करंट दुसरी वाट शोधतो, कधी एखाद्या बल्बमधून उलटा, कधी क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल तर इंजिनची अर्थपट्टी गेलीच समजा.

तपासायला मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं त्या दिव्याच्या अर्थवर, आणि दिवा चालू ठेवून बघा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर नट काढा, खालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत कसा, वर ग्रीस लावा. दिवा बंद ठेवून मोजलंत तर काहीच कळणार नाही, कारण करंट वाहिल्याशिवाय व्होल्टेज पडत नाही.

रात्रीत बॅटरी बसते

आधी बॅटरीच म्हातारी नाही ना ते बघा. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. हे ठीक असेल तर निगेटिव्ह केबल काढून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये मीटर लावा, १० अँपिअरच्या सॉकेटवर. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइटही नाही. मीटरचा फ्यूज जाईल. बॉनेटचा दिवा असेल तर काढा, दारं बंद करा.

घड्याळ आणि रेडिओची आठवण धरून ५० मिलिअँपिअरपर्यंत चालून जातं. काहीच इलेक्ट्रॉनिक नसलेल्या गाडीत त्याहूनही कमी हवं. अर्धा अँपिअर दिसत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी बंद. आता फ्यूज एकेक काढा. जो काढल्यावर आकडा खाली येईल ते सर्किट. अडकलेला ब्रेकचा स्विच, झाकण लावल्यावरही पेटत राहणारा डॅशबोर्डच्या खणाचा दिवा, चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच), ही नेहमीची मंडळी. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटरचा डायोड लीक असण्याची शक्यता मोठी. निगेटिव्ह पूर्ण काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, टोक टेपने झाका, परत मोजा.

सापडल्यावर जोडताना

नुसती टेप गुंडाळू नका. तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापा. पाणी कव्हरच्या आतून बरंच लांब चढलेलं असतं. तेवढ्याच जाडीचा किंवा एक माप जाड तुकडा टाका, क्रिंप करा (धातूची नळी पक्कडीने दाबून सांधा), वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. सोल्डरला माझी ना नाही, पण हादऱ्याच्या जागी सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होऊन तुटते, म्हणून चेसिसवर मी क्रिंपच करतो. मग घासण्याचं कारण काढा: नवं रबर, नवी क्लिप, वर नळी. हे राहिलं तर तीच वायर त्याच जागी परत कापणार.

इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा

बॅटरीपासून सेल्फ किंवा अल्टरनेटरला जाणारी जाड केबल गरम होतेय, तर हात लावू नका. तिच्यावर अनेक गाड्यांत फ्यूज नसतोच. फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखी वितळणारी खास वायर) जळलेली असेल तर तिच्या जागी साधी वायर टाकायची नाही. ती का जळली हे शोधायला माहीतगार लागतो. डॅशबोर्डमागचा मुख्य हार्नेस एकमेकांत वितळला असेल तर दुरुस्ती नव्हे, बदलणं आहे. पिवळ्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे असू शकतात. तिथे टेस्ट लॅम्प किंवा ओहमचा मीटर लावला तर बॅग फुटू शकते. इंजिन कंट्रोलच्या वायरींनाही टेस्ट लॅम्प नको. इंधनाच्या टाकीतल्या पंपाचा किंवा गेजचा फ्यूज जात असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, किंवा गाडीला गॅस किट असेल, तर ठिणगीची शक्यताच नको. बॅटरी फुगलेली असेल तरीही नाही.

धूर दिसला तर निगेटिव्ह काढणं पटकन आणि सुरक्षित होत असेल तरच काढा. नाहीतर लांब व्हा. काम करताना हाताशी कोरड्या पावडरचा अग्निशामक असावा, पाण्याची बादली नव्हे.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना तो ‘कधी उडतो’चा कागद आणि जळलेले फ्यूज सोबत न्या, त्याचे काही तास आणि तुमचे पैसे वाचतील. तोवर त्या जागेचा फ्यूज काढलेलाच ठेवा. आणि ब्रेक लाइट किंवा हेडलाइट त्याच फ्यूजवर असतील तर गाडी चालवायची नाही, टोचन करून न्यायची.